मुलांचा क्लब चालवायला घेतलाय? बालसुरक्षेची सुरुवात इथून करा

क्लब किंवा अकादमी नवी निघते तेव्हा मैदान, साहित्य, फी आणि वेळापत्रक यांवर बैठकांमागून बैठका होतात. मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की कुणीतरी प्रथमोपचाराच्या पेटीची आठवण करून देतं, पेटी येते आणि विषय मिटतो. फार तर एखादा म्हणतो, "बाकी काळजी नाही, आपल्याकडे सगळे ओळखीचेच आहेत."

अडचण नेमकी तिथेच आहे. खेळात मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: प्रशिक्षक, फिजिओ, संघाचा मॅनेजर, वयानं मोठा खेळाडू. मुलांचा आणि पालकांचा त्याच्यावर विश्वास असतो, म्हणूनच त्याला मुलांजवळ एकटं राहता येतं. कुंपण घालून आणि कॅमेरे लावून हा धोका टळत नाही. त्याला अडवते ती रोजची कंटाळवाणी शिस्त, आणि त्या शिस्तीतून कुणालाही सूट न देणं. पुढच्या पायऱ्या नव्यानं प्रशिक्षक, सहायक, मॅनेजर किंवा समिती सदस्य झालेल्यांसाठी आहेत. पालकांसाठी वेगळा भाग आहे, पण त्यांनी बाकीचंही वाचायला हरकत नाही.

पायरी 1: अत्याचार कशाला म्हणायचं, यावर एकमत करा

अत्याचार म्हटलं की डोळ्यासमोर लैंगिक अत्याचारच येतो. तो गंभीर आहेच, पण मैदानावर दिवसाढवळ्या चालतं ते बरंचसं वेगळं असतं. चूक झाली म्हणून ओकारी येईपर्यंत पळायला लावणं, पाणी पिऊ न देणं, सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्यानं वाचणं, "जाडी", "रडका" अशी नावं पाडणं, पाय सुजलेला असताना "नाटकं करू नकोस" म्हणत खेळवणं, चिडून आठ-आठ दिवस एखाद्या मुलाशी बोलणंच टाकणं. "आमच्या वेळी तर याहून मार पडायचा" एवढ्या एका वाक्यावर हे सगळं खपून जातं. नव्या मुलांकडून सिनियर खेळाडू जी "गंमत" करवून घेतात, तीही याच यादीत घाला.

ब्रिटनमध्ये लहानपणी संघटित खेळ खेळलेल्या सुमारे 6000 तरुणांना त्यांचे अनुभव विचारले गेले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 75 टक्के जणांनी भावनिक इजा झाल्याचं सांगितलं. 29 टक्क्यांनी लैंगिक छळवणूक आणि 24 टक्क्यांनी शारीरिक इजा नोंदवली. तिथल्याच जिम्नॅस्टिक्समधल्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी होऊन 2022 मध्ये अहवाल आला. तहानलेल्या मुलांना पाणी नाकारणं, स्वच्छतागृहात जाऊ न देणं, दुखापत झालेली असताना सराव करवून घेणं आणि वजनावरून छळणं असे प्रकार त्यात नोंदवले आहेत.

तुमच्या समितीत कुणी म्हणेल, "लैंगिक प्रकार थांबवू, पण ओरडणं-बिरडणं चालायचंच." हे तिथल्या तिथे खोडून काढा. ज्या मैदानावर मुलाला "दुखतंय" म्हणायची सोय नाही, तिथे ते "सरांनी मला नको तिथे हात लावला" हे कसं म्हणणार?

पायरी 2: विश्वास कसा जिंकला जातो, ते समजून घ्या

अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला जानेवारी 2018 मध्ये मिशिगनच्या एका न्यायालयानं 40 ते 175 वर्षांची शिक्षा सुनावली. दीडशेहून जास्त मुलींनी आणि स्त्रियांनी न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं. त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: सगळे रागावणारे आणि हा एकटाच हसून बोलणारा, चोरून खाऊ देणारा. उपचाराच्या नावाखाली तो अत्याचार करायचा, आणि काही वेळा तर आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले असायचे. त्यांना काही दिसणार नाही असा तो उभा राहायचा. 1997 मध्येच आपण एका प्रशिक्षिकेला हे सांगितलं होतं, असं त्यातल्या एकीनं सांगितलं. प्रकरण जगासमोर आलं ते 2016 मध्ये.

इंग्लंडमधला फुटबॉल प्रशिक्षक बॅरी बेनेल गुणी मुलं हेरायचा. त्याच्या घरी खेळायची यंत्रं होती, वेगवेगळे प्राणी होते, मुलं तिथे मुक्कामाला जायची आणि "मोठ्या क्लबात जायचं असेल तर मी म्हणेन ते" हे त्यांना न सांगता कळायचं. 2018 मध्ये त्याला 31 वर्षांची शिक्षा झाली.

दोन्ही प्रकरणांत रीत तीच. आधी मूल निवडलं जातं. बऱ्याचदा ज्याला घरी कमी लक्ष मिळतं असं, किंवा ज्याला काहीही करून वरच्या स्तरावर जायचं आहे असं. मग घरच्यांचा विश्वास: वेळेवर पोहोचवणं, फी माफ करणं, "तुमच्या मुलात काहीतरी वेगळं आहे" हे कौतुक. मग खास वागणूक, वेगळा सराव, भेटवस्तू, रात्रीचे संदेश. त्यानंतर लहानसहान मर्यादा ओलांडून पाहणं: पाठीवर रेंगाळणारा हात, चावट विनोद, "हे आपल्या दोघांतच". मूल गप्प राहिलं की पुढचं पाऊल. ते बोललंच, तर "गैरसमज झाला" म्हणायला वाट मोकळी.

यातलं प्रत्येक पाऊल सुटं पाहिलं तर चांगल्या प्रशिक्षकासारखंच दिसतं. म्हणून चेहरा वाचून माणूस ओळखायच्या भानगडीत पडू नका. ते कोणालाच जमत नाही. पावलं मात्र सगळ्यांसमोर येतील अशी व्यवस्था करता येते, आणि पुढच्या पायऱ्या तिच्याच आहेत.

पायरी 3: माणूस नेमताना फोन करा

लेखी अर्ज, ओळखपत्र, आधीच्या सगळ्या क्लबांची नावं आणि तिथून निघण्याचं कारण एवढं सर्वांकडून घ्या. स्वयंसेवकाकडूनही. पोलिस पडताळणी करून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. जो कधी पकडलाच गेला नाही त्याचा अहवाल स्वच्छच येणार.

खरी माहिती फोनवर मिळते. अर्जात दिलेल्या दोघांना तर फोन कराच, शिवाय आधीच्या क्लबच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून तिथेही करा. "माणूस कसा आहे?" असं विचारलं की "छान आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: "त्यांच्या वागण्याबद्दल मुलांची किंवा पालकांची काही तक्रार कधी आली होती का?" आणि "त्यांना पुन्हा मुलांच्या कामावर घ्याल का?" दुसऱ्या प्रश्नावर समोरचा थांबला, किंवा "खेळाचं ज्ञान उत्तम आहे हो" असं भलतंच उत्तर आलं, तर तिथेच खोदा.

मुलाखतीत एखादा प्रसंग द्या. "स्पर्धेच्या गावी रात्री अकरा वाजता बारा वर्षांची मुलगी तुमच्या दारावर आली, पोट दुखतंय म्हणाली. काय कराल?" दुसऱ्या मोठ्या माणसाला उठवीन, तिच्या घरी फोन लावीन, दार उघडं ठेवीन असं काही उत्तर यायला हवं. "खोलीत बसवून गोळी देईन" म्हणणारा माणूस वाईटच असेल असं नाही, पण त्याला हे नियम शिकवावे लागतील एवढं कळतं.

फिजिओ, फोटोग्राफर, गाडीचा चालक आणि शिबिरात मुक्कामाला येणारे मदतनीस यांना बहुतेक क्लब या चाळणीतून वगळतात. वगळू नका.

पायरी 4: एका पानाचे नियम लिहा

चाळीस पानी धोरण कपाटात जातं. एक पान भिंतीवर लागतं. त्या पानाचा पाया एकच: मोठ्या माणसाची आणि मुलाची प्रत्येक गाठभेट तिसऱ्याला दिसेल आणि तिसरा मध्ये येऊ शकेल अशी असावी. एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत बंद जागेत असू नये. वैयक्तिक सराव हवा असेल तर होऊ दे, पण मैदानावर दुसरं कुणी असताना. बोलायचं असेल तर बाकावर बसून बोला, सगळे दिसतील पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

स्पर्शाचा प्रश्न नवे प्रशिक्षक सर्वांत जास्त विचारतात. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स शिकवताना हात लावावाच लागतो, आणि हात लावायला घाबरणाऱ्या प्रशिक्षकाच्या हातून मूल पडलं तर तेही बरं नाही. रीत अशी ठेवा: आधी करून दाखवा, तोंडी सांगा, तरी जमलं नाही तर "खांदा आणि कोपर धरून दिशा दाखवतो, चालेल?" असं विचारा, मूल हो म्हणालं तरच, सगळ्यांसमोर, तेवढंच. मूल अंग चोरत असेल तर तो नकार समजा, तोंडानं काही म्हणालं नसलं तरी. मसाज आणि उपचार प्रशिक्षकानं करायचेच नाहीत. फिजिओनं करायचे ते पालकांच्या लेखी संमतीनं आणि दुसरी मोठी व्यक्ती खोलीत असताना, तीही अशा जागी की फिजिओचे हात तिला दिसतील. नासरच्या खोलीतल्या पालकांचं उदाहरण वर आलंच आहे.

कपडे बदलायची खोली ही मुलांची जागा. मोठ्यांनी तिथे कपडे बदलू नयेत, अंघोळ करू नये. आत मारामारी झाली तर दारावर टकटक करून, मोठ्यानं सांगून, दोघांनी जायचं. मोबाइल बाहेर. मोबाइलचा नियम प्रशिक्षकांनाही लागू आहे, आणि तो मोडला जातो तो बहुधा "जिंकल्यानंतरचा एक फोटो" काढताना.

संदेशांबद्दल कडक राहा. वेळापत्रक, बदल, सूचना सगळं गटावर, आणि त्या गटात पालक असलेच पाहिजेत. मुलानं प्रशिक्षकाला वैयक्तिक संदेश पाठवला तर उत्तरात पालकांना किंवा दुसऱ्या प्रशिक्षकाला जोडून घ्यायचं. आपोआप नाहीसे होणारे संदेश तर नकोच नकोत. रात्री साडेदहाला आलेलं "झोपलास का?" हे साधं वाटलं तरी नियमाबाहेरचं आहे.

प्रवासात मुलं आणि मोठी माणसं वेगवेगळ्या खोल्यांत. खूप मोठ्या आणि खूप लहान मुलांनाही एका खोलीत ठेवू नका. एखादा सतरा वर्षांचा सिनियर दहा वर्षांच्या मुलाला त्रास देऊ शकतो हे आयोजकांच्या लक्षातच येत नाही. खोलीवाटपाची यादी निघण्याआधी पालकांना द्या. मुलानं ठराविक वेळी, एकट्यानं, घरी फोन करायचा. कुणी समोर उभं राहून ऐकायचं नाही.

आता एक प्रसंग, जो कोणत्याही क्लबात पहिल्या महिन्यातच येतो. सराव संपला, अंधार पडला, सगळे गेले. एकच मूल दप्तर पायाशी ठेवून फाटकाजवळ उभं आहे आणि आईचा फोन लागत नाही. प्रशिक्षकाचं घर त्याच रस्त्यावर आहे. सोडून द्यावं का? नाही. मुलाला एकटं सोडून निघायचंही नाही. म्हणून शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबतील, उजेडात, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, हे वेळापत्रकातच लिहून ठेवा आणि त्यांची पाळी लावा. प्रत्येक मुलामागे दोन आपत्कालीन नंबर घेतलेले असू द्या. उशिराबद्दल बोलायचं ते पालकांशी, मुलाशी नाही. गाडीनं सोडण्यावाचून इलाजच नसेल, तर दुसरं मोठं माणूस सोबत, पालकांना संदेश, आणि निघाल्या-पोहोचल्याची वेळ वहीत.

हे नियम सेक्रेटरींच्या भावाला, माजी राष्ट्रीय खेळाडूला आणि वीस वर्षं विनामोबदला राबलेल्या सरांनाही लागू. पहिली सूट त्यांच्यासाठीच मागितली जाते. चांगल्या प्रशिक्षकाला यात अपमान वाटायचं कारण नाही. खोट्या आरोपाची भीती ज्याला वाटते, त्याला तर या पानाइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही.

पायरी 5: एक नाव आणि एक वही

बालसुरक्षेची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर करा. ती मुख्य प्रशिक्षक नको, त्याच्या घरचीही नको. तिचं नाव, फोटो आणि नंबर त्या पानाखालीच लावा, आणि तिच्याविरुद्धच तक्रार असेल तर कोणाकडे जायचं तेही लिहा. ब्रिटनमध्ये ऑलिम्पिक जलतरण संघाचा प्रशिक्षक राहिलेला पॉल हिकसन 1995 मध्ये तुरुंगात गेला आणि क्रीडासंस्थांना खडबडून जाग आली. 2001 मध्ये तिथे खेळातल्या बालसंरक्षणासाठी खास विभाग उभा राहिला. आता तिथल्या क्लबांत अशी नेमलेली व्यक्ती असणं ही रोजची गोष्ट आहे.

वही कशासाठी? किरकोळ गोष्टींसाठी. "अमुक सरांनी एकट्या मुलाला गाडीनं सोडलं." "तमुक ताई मुलीला वैयक्तिक संदेश पाठवते असं कळलं." यातल्या एकेका नोंदीवर कारवाई होईलच असं नाही, विचारणा मात्र होते. तीन महिन्यांत एकाच नावापुढे चार नोंदी दिसल्या की जे कुणाच्याच डोक्यात एकत्र आलं नसतं ते कागदावर दिसतं. वही कुलुपात ठेवा.

पायरी 6: मुलांना विचारा

हंगामाच्या सुरुवातीला मैदानाचा आणि इमारतीचा साधा नकाशा काढा आणि मुलांच्या हाती रंगीत पेन्सिली द्या. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा, जिथे भीती वाटते किंवा जायला नको वाटतं तिथे लाल. नाव लिहायचं नाही. साहित्याच्या खोलीमागचा बोळ, वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह, पार्किंगचा कोपरा अशा जागा मोठ्यांना कधी सुचत नाहीत आणि मुलांच्या नकाशावर लालेलाल होतात. मग दिवा लावा, कडी बदला, वेळ बदला, आणि बदल केल्याचं मुलांना सांगा.

नियम मुलांच्या भाषेत मुलांना वाचून दाखवा. तीन वाक्यं तोंडपाठ व्हायला हवीत: माझ्या अंगाला न विचारता हात लावायचा नाही. मोठ्या माणसानं मला गुपित ठेवायला सांगितलं तर ते मी घरी सांगणार. मी सांगितलं म्हणून मला संघातून काढणार नाहीत. शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलांना माहीत असावीत. "तिथे" एवढाच शब्द ज्याच्याजवळ आहे, त्याला पुढे काही सांगताच येत नाही.

मुलग्यांना वगळू नका. कॅनडाचा आइस हॉकीपटू शेल्डन केनेडी पुढे अव्वल व्यावसायिक लीगमध्ये खेळला. किशोरवयात त्याच्यावर अत्याचार करणारा त्याचाच प्रशिक्षक होता, आणि त्याला 1997 मध्ये शिक्षा झाली. अपंग मुलं आणि उच्च स्तरावर खेळणारी मुलं यांना धोका जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्यांना मदतीसाठी मोठ्यांवर अवलंबून राहावं लागतं, दुसऱ्यांचं सगळं भवितव्य एका माणसाच्या शब्दावर लटकलेलं असतं.

पालकांसाठी थोडं वेगळं

प्रवेश घेण्याआधी विचारा: सराव पाहायला बसता येईल का, बालसुरक्षेचं काम कोण बघतं, प्रवासात खोल्या कशा देता, प्रशिक्षक मुलांशी फोनवर कसे बोलतात. "पालक असले की मुलांचं लक्ष जातं" म्हणून रोजच दार बंद ठेवणारा क्लब मी तरी टाळीन. अधूनमधून, न कळवता, थोडं लवकर न्यायला जा.

घरी येताना "जिंकलास का?" याऐवजी "आज कोणाबरोबर होतास? काही नको वाटलं का?" असं विचारत राहा. रोजचं बोलणं असेल तरच एखाद्या दिवशी वेगळं काही बाहेर येतं. मूल आवडता खेळ एकाएकी सोडायला निघालं, ठराविक माणसाबरोबर जायला नाही म्हणू लागलं, कुठून आली ते सांगता न येणारी भेटवस्तू घेऊन आलं, फोन लपवू लागलं, झोप उडाली, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर थांबून पाहा. यातलं काहीही एकटं पुरावा ठरत नाही. परीक्षेचा ताणही असू शकतो. पण "आळशीपणा करतोय" असं ठरवून त्याला दामटून सरावाला पाठवू नका.

आणि हो, बाजूच्या रेषेवरून स्वतःच्याच मुलाला शिव्या घालणारे पालकही पायरी 1 मध्ये येतात.

पायरी 7: मूल बोललं, तर

बहुधा ते ठरवून सांगत नाही. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणतं, "मला त्या सरांच्या गाडीत नाही बसायचं." किंवा मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगतं. हातातलं काम ठेवा, दिसेल अशा पण शांत जागी बसा, ऐका. चेहऱ्यावर धक्का किंवा राग दिसला की मूल तिथेच आवरतं घेतं, कारण त्याला वाटतं आपल्यामुळे हे झालं.

म्हणायचं एवढंच: "सांगितलंस ते बरं केलंस." "तुझी काही चूक नाही." "मी तुझ्यावर विश्वास ठेवतो." मूल म्हणेल, "पण कोणाला सांगू नका." त्याला होकार देऊ नका. "ज्यांना सांगितल्यावर तुला मदत होईल, त्यांना मला सांगावंच लागेल. कोणाला सांगतोय ते तुला आधी सांगेन." खोटं वचन दिलंत आणि नंतर मोडलंत, तर ते मूल पुढे कोणाकडेच जाणार नाही.

चौकशी करू नका. "त्यांनी इथे हात लावला का?" हा प्रश्न उत्तर पढवणारा आहे आणि पुढे न्यायालयात त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो. "मग काय झालं?" एवढं चालेल. "का गेलास?", "आधी का नाही सांगितलंस?" हे तर विचारूच नका. पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या लोकांसमोर त्याला तेच सांगायला लावू नका.

मूल गेल्यावर लगेच लिहा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तुमच्या शुद्ध भाषेत न बदलता. नोंद अशी दिसते: "मंगळवार, संध्याकाळी 6.40, साहित्याच्या खोलीबाहेरचा बाक. मूल म्हणालं: 'सर मला मसाज देतो म्हणून खोलीत घेऊन गेले. मला नाही आवडलं.' मी विचारलं: 'मग काय झालं?' मूल रडलं, बोललं नाही. मी म्हटलं: 'सांगितलंस ते बरं केलंस.' 6.55 ला आई आली." खाली तुमचं नाव, सही, वेळ. तुमचे अंदाज लिहायचे असतील तर वेगळे, "माझं मत" असा मथळा देऊन.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला तुम्ही जाब विचारायचा नाही. तो सावध होतो, संदेश पुसतो, मुलावर दबाव आणतो. समिती बसवून दोघांना समोरासमोर आणण्याचा प्रकार तर अघोरी आहे. प्रकार नुकताच घडला असेल तर तातडीनं डॉक्टर आणि पोलिस. शक्य असेल तर त्याआधी अंघोळ नको आणि कपडे धुवायला टाकू नका. फोनमधले संदेश जपून ठेवा. मुलाचे आक्षेपार्ह फोटो असतील तर ते पुरावा म्हणूनसुद्धा कोणालाही पुढे पाठवू नका, तो स्वतःच गुन्हा होतो. फोन जसा आहे तसा पोलिसांकडे द्या.

पायरी 8: कळवा, त्याच दिवशी

"आधी खात्री करू" या विचारात आठवडे जातात. खात्री करणं हे तुमचं काम नाही, कळवणं आहे. अमेरिकेत 2018 च्या सुरुवातीला लागू झालेल्या कायद्यानं राष्ट्रीय क्रीडासंघटनांशी जोडलेल्या प्रौढांना अत्याचाराच्या संशयाची खबर 24 तासांत देणं बंधनकारक केलं. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याचं (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम 19 सांगतं की 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडण्याची भीती वाटली तरी, स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवायलाच हवं. सद्हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. न कळवणाऱ्याला कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवत असेल तर कैद एक वर्षापर्यंत. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे. इतर देशांतल्या वाचकांनी तिथला पोलिसांचा आणि बालसंरक्षण यंत्रणेचा नंबर आजच शोधून भिंतीवरच्या पानावर लिहावा.

चौकशी सुरू असेपर्यंत त्या व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवा. ही शिक्षा नाही, खबरदारी आहे, आणि तसंच लेखी कळवा. मुलाचं नाव समितीतही गरजेपुरत्याच लोकांना कळू द्या. पालकांच्या गटावर चर्चा पेटली की "प्रकरण योग्य यंत्रणेकडे दिलं आहे, मुलाची ओळख उघड होईल असं काही लिहू नका" एवढा एकच संदेश टाका आणि तर्कवितर्कांना उत्तरं देत बसू नका.

याच वेळी तो माणूस गुपचूप राजीनामा देऊ करतो आणि समितीला हायसं वाटतं. क्लबची अब्रू वाचते, माणूस निघून जातो आणि पुढच्या गावी पुन्हा मुलांमध्ये उभा राहतो. राजीनामा आला तरी खबर द्यायचीच, प्रकरण कागदावर पूर्ण करायचं, आणि शिफारसपत्र द्यायचं नाही. दुसऱ्या क्लबचा फोन आला तर "चांगले होते" म्हणून मोकळं होऊ नका. काय सांगायला परवानगी आहे ते पोलिसांकडून किंवा वकिलाकडून आधी विचारून ठेवा.

बोललेल्या मुलाची संघातली जागा, त्याचा सराव, त्याचे मित्र यांतलं काहीही जायला नको. बदली प्रशिक्षक लगेच द्या, नाहीतर बाकीची मुलं त्याच्यावरच राग काढतात: "तुझ्यामुळे आपले सर गेले." हे होणार असं धरून चाला आणि मोठ्यांपैकी एकानं त्यावर रोज नजर ठेवा. मूल परत यायचं की नाही, कधी, कोणत्या वेळच्या गटात, हे त्याला आणि घरच्यांना ठरवू द्या. समुपदेशकाचा पत्ता द्या, आग्रह नको. ज्या प्रशिक्षकानं किंवा ताईनं ते पहिल्यांदा ऐकलं, तिलाही कुणाशी तरी बोलावंसं वाटेल. तिची सोय करा.

वही, नोंदी आणि कळवल्याची पोच एका पाकिटात बंद करून ठेवा. अशी प्रकरणं कित्येकदा वीस-पंचवीस वर्षांनी उघडतात, म्हणून जागा कमी पडली की रद्दीत जाणाऱ्या कागदांत ही पाकिटं ठेवू नका. समिती बदलली की नव्या जबाबदार व्यक्तीला पाकिटं मोजून द्या आणि तिची सही घ्या.